एप्रिलच्या उन्हात ते जॅकेट घालून पळू नकोस

प्रश्न असा आला आहे: "वय ३४, पाथर्डी फाट्याला राहते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन ७२ वर गेलं ते तिथेच आहे. वर्षभर पळते आहे, दहा किलोमीटरपर्यंत जाते. येत्या हिवाळ्यात पहिली हाफ मॅरेथॉन करायची आहे. पण पळताना पोट आणि दंड हलतात याची इतकी लाज वाटते की एप्रिलमध्येही विंडचीटर घालते. ओळखीचे लोक घरी परतले की सकाळी साडेसातनंतर बाहेर पडते. गेल्या आठवड्यात सातव्या किलोमीटरला चक्कर आली, अंगावर काटा आला, रस्त्याकडेला बसून राहिले. जॅकेटमुळे घाम जास्त येतो, तेवढं वजन उतरेल असंही वाटायचं. आधी वजन कमी करून मग पळावं का? उन्हाळाभर थांबावं का?"

वयाने तू बरीच लहान आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी बावीस वर्षं पळते आहे आणि त्यातली चौदा वर्षं नाशकात बायकांना पळायला शिकवते. तुझ्या पत्रात उन्हाचा प्रश्न वेगळा आणि लाजेचा वेगळा असं तू मांडलं आहेस. मला ते दोन्ही एकच दिसतात. लाजेमुळे जॅकेट आलं, लाजेमुळे वेळ उशिराची झाली, आणि माझा अंदाज आहे की लाजेमुळेच तू निघण्याआधी काही खात नसशील. उन्हात पळताना जे करू नये ते सगळं या एका गोष्टीने तुझ्याकडून करून घेतलं. चक्कर त्यातून आली.

आधी तो काटा. भर उन्हात अंगावर काटा येणं, गार वाटणं, डोकं दुखायला लागणं, मळमळणं ही शरीराने थांब म्हणून सांगितलेली खूण आहे. तू बसलीस ते अगदी बरोबर केलंस. दहा पूर्ण करायचेच म्हणून रेटलं असतंस तर आज मी वेगळं काही लिहीत असते.

आता जॅकेट आत काय करतं ते बघ. सपाट रस्त्यावर पळताना आपण साधारण दर किलोला, दर किलोमीटरला एक कॅलरी खर्च करतो. तुझं वजन ७२, म्हणजे दहा किलोमीटरला सातशेवीसच्या आसपास. यातला पळण्याच्या कामी येणारा भाग लहान असतो, पाऊणहून जास्त भाग नुसती उष्णता बनतो. म्हणजे साडेपाचशे कॅलरीच्या वरची उष्णता तुझ्या अंगाला बाहेर टाकायची असते, आणि उन्हाळ्यात त्यासाठी घाम हाच मुख्य मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना साधारण पाचशेऐंशी कॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळताना, हा शब्द महत्त्वाचा. नुसता गळालेला घाम काहीच थंड करत नाही. विंडचीटरच्या आत हवा खेळत नाही, घाम वाळत नाही, तो पाठीवरून ओघळून कमरेपाशी साठतो. तू जॅकेट काढलंस की बाहीतून पाणी निथळत असेल, ते सगळं फुकट गेलेलं पाणी आहे. अंग आतून तापत राहतं, हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवत राहतं, पायांना आणि डोक्याला कमी पडतं. चक्कर येते.

राहिलं वजन. पळून आल्यावर वजनकाटा आठशे ग्रॅम कमी दाखवतो ते पाणी असतं आणि दुपारपर्यंत परत येतं, यायलाच हवं. रबरी सूट घालून वजन उतरवण्याच्या नादात १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीपटू काही आठवड्यांच्या अंतराने दगावले, त्यानंतर तिथे नियम बदलले. ते तरणेबांड, रोज मेहनत करणारे मुलगे होते. पोटाला बांधायचे ते घामाचे पट्टे विकतात ना, तेही याच जातीतले. घेतला असशील तर वापरू नकोस.

एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण लपवली तर तू ती कुठूनतरी टोमण्यातून ऐकशील. वजन जास्त असलं की त्याच वेगाला उष्णता जास्त तयार होते, आणि दर किलोमागे कातडी कमी पडते. त्यामुळे उन्हाळ्यात तुला पन्नास किलोच्या मैत्रिणीपेक्षा जास्त त्रास होतो. हे भौतिकशास्त्र आहे. तुझ्या आळसाशी किंवा इच्छाशक्तीशी त्याचा संबंध नाही. त्याचं उत्तरही सोपं आहे: हळू पळ, लवकर निघ, मोकळे कपडे घाल. बारीक माणसाला ऊन लागत नाही असं मात्र मुळीच नाही. १९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. त्यात स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरली ती वाकडीतिकडी होत, एक पाय ओढत. शेवटच्या चारशे मीटरला तिला पाचहून जास्त मिनिटं लागली. ती शेलाटी, कसलेली धावपटू होती. उन्हाने तिची कंबर मोजली नव्हती.

म्हणून "आधी वजन, मग पळणं" याला माझं उत्तर नाही असं आहे. हिवाळ्यात हाफ करायची असेल तर पाय, हाडं, स्नायूंचे बंध यांना आतापासून सवय लागते, आणि ती पळूनच लागते. वजन उतरायचं तेव्हा उतरेल, किंवा फारसं उतरणारही नाही. २१.१ किलोमीटर पूर्ण करायला ती अट नाही. माझ्याबरोबर पळणाऱ्यांत ऐंशी किलोच्या बायका तीन तासांच्या आत हाफ पूर्ण करतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातात.

आपल्याकडे धावपटू म्हटलं की डोळ्यांसमोर कविता राऊत येते, आणि यावी. हरसूलजवळच्या सावरपाड्याची पोर, २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये त्याच शर्यतीत रौप्य. नाशिकच्या मैदानांवर वाढलेल्या या मुलीचा सगळ्यांना अभिमान आहे. पण तिचं शरीर तिच्या रक्ताने, तिच्या डोंगरवाटांनी आणि दिवसातून दोनदा केलेल्या सरावाने घडलं. तो नमुना समोर ठेवून स्वतःला मापायला लागलीस तर तू कधीच बाहेर पडणार नाहीस.

आता कपडे. मी तुला बिनबाह्यांचं सिंगलेट घाल म्हणून सांगणार नाही. घालावंसं वाटेल तेव्हा घाल. अंग झाकायचं असेल तर झाक, पण कापड असं हवं की ज्यातून फुंकर मारली तर पलीकडे हाताला लागली पाहिजे. दुकानात हीच परीक्षा कर. पातळ, फिकट रंगाचा, एक माप मोठा पॉलिस्टरचा टी-शर्ट, हवं तर पूर्ण बाह्यांचा. सुती नको, तो भिजला की अंगाला चिकटतो, जड होतो आणि ज्या आकाराची तुला लाज वाटते तोच उठून दाखवतो. खाली मांडीपर्यंतची टाइट्स आणि वर सैल शॉर्ट्स किंवा पातळ ट्रॅक पँट. मांड्या घासून सोलतात त्याचा उल्लेख तू केला नाहीस, पण होत असणार. निघण्याआधी मांड्यांच्या आतून, काखेत आणि ब्राच्या पट्टीखाली पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लाव. परत येऊन अंगावर पाणी घेताना जी आग होते ती नाहीशी होईल.

आणि ब्रा. माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक बायका चुकीच्या मापाची घालत होत्या. छातीखालची पट्टी घट्ट आणि वरचा भाग पूर्ण झाकणारा हवा. दुकानात घालून जागच्या जागी वीस उड्या मार. लाज वाटली तर ट्रायल रूमचं दार लावून मार, पण मार. अंग हलतं याचं तुला जे वाटतं त्यातलं बरंचसं योग्य ब्राने कमी होतं, आणि पाठही दुखायची थांबते.

उन्हात काळी पडशील असं घरी कुणीतरी म्हणत असेलच. सैल पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन पुरे.

वेळ मात्र बदलावीच लागेल. एप्रिलच्या मध्यात आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. पहाटे गारवा असतो, नाशिकची ती देणगीच आहे, मुंबईच्या पळणाऱ्यांना ती मिळत नाही. साडेसातला निघालीस की तो सगळा वाया जातो आणि ऊन थेट अंगावर येतं, खाली डांबर तापायला लागलेलं असतं. सव्वापाचला सुरू करून साडेसहाला संपव. अंधारात एकटी हायवेच्या सर्व्हिस रोडला जाऊ नकोस. गोल्फ क्लबचा ट्रॅक किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, जिथे दिवे आणि माणसं असतात, तिथे ये. कृषीनगरला झाडंही आहेत. तुला लोक टाळायचे आहेत हे मला कळतं. पण पहाटेच्या अंधारात कुणी कुणाचं पोट बघत नाही, सगळे झोपेतच असतात. पुष्कळ बायकांनी मला सांगितलं आहे की अंधारातच त्यांनी पहिल्यांदा जॅकेट काढलं. हवं तर शेवटचा एकच किलोमीटर काढून कमरेला बांध. पुढच्या आठवड्यात दोन.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याची एक फसवणूक आहे. घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम आलाच नाही असं वाटतं. मुंबईत चिकचिक होते म्हणून माणूस पाणी पितो, इथे विसरतो. टी-शर्ट वाळल्यावर त्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो मिठाचा हिशेब आहे. जूनच्या पावसानंतर उलटं होईल, हवा गार पण दमट, घाम वाळणार नाही, तेव्हाही वेग आवरायचा.

उन्हाची सवय शरीराला खरंच लागते आणि ती दहा ते चौदा दिवसांत लागते. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच वेगाला नाडी खाली राहते. म्हणून थांबू नकोस, पण हे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आण. वेगाचं घड्याळ बघू नकोस. शेजारचीशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांवर आलीस तर चाल. मी स्वतः मे महिन्यात दर किलोमीटरला अर्धा-पाऊण मिनिट हळू पळते आणि त्याची खंत करत नाही.

पाण्याबद्दल बायका खरं सांगत नाहीत, म्हणून मीच बोलते. रस्त्यात स्वच्छ मुतारी नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. आणि बाळंतपणानंतर पळताना थेंब थेंब लघवी होते म्हणूनही पीत नाही. हे दुसरं तुझ्याबाबत असेल तर तो लाजेचा विषय नाही, ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचा आहे आणि त्यावर फिजिओथेरपीचे चांगले व्यायाम असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचार. तोवर पातळ पॅड लाव, पण पाणी तोडू नकोस. निघण्याआधी तासभर एक-दीड ग्लास, तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर बरोबर बाटली, तहान लागेल तसे घोट. तहानेच्या पलीकडे लिटरच्या लिटर साधं पाणी ओतू नकोस, त्याने रक्तातलं सोडियम खाली येतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. लांब पळायचं त्या दिवशी मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस घे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणून पुडी पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात कालव. गोड फळांच्या पेयांचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे. घरी आल्यावर ताक, कोकम, पन्हं, नाचणीची आंबील यातलं काहीही उत्तम.

घामाचा अंदाज घ्यायला पळण्याआधी आणि नंतर वजन करायची पद्धत आहे. तुला मी ती सांगणार नाही. काट्यावर उभं राहून ज्यांचा अख्खा दिवस बिघडतो त्यांना मी लघवीचा रंग बघायला सांगते. फिकट पिवळा असला की ठीक, गडद झाला की पाणी कमी पडलं. काटा महिनाभर माळ्यावर ठेव.

आता जेवण, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. सहा-सात वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये एक कॉलेजची मुलगी होती. दोन महिन्यांनी दिसली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, काय छान बारीक झालीस!" ती खूश झाली. रविवारी लांब पळून झालं की आम्ही मिसळ खायला जातो. त्या दिवशी ती माझ्या समोर बसली होती. पाव तिने आधीच शेजारणीच्या ताटलीत सरकवले. मग चमच्याने वरची तर्री काठाशी ढकलली, फरसाण एका बाजूला केलं आणि मटकीचे दाणे एकेक मोजल्यासारखे उचलून खाल्ले. सात-आठ दाणे झाल्यावर पाणी प्यायली आणि पोट भरलं म्हणाली. सोळा किलोमीटर पळून आली होती ती. मी बघितलं आणि काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात तिच्या नडगीच्या हाडाला ताणाची बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं की चार महिने पाळी आली नव्हती. माझं ते कौतुक तिला उपाशी राहायला बळ देऊन गेलं होतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून आमच्यात कुणाच्याही अंगाबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे. जाड झालीस नाही, बारीक झालीस तर मुळीच नाही. कुणी नवीन माणूस बोललं तर मी त्याला बाजूला घेऊन सांगते. तू ज्या ग्रुपमध्ये असशील तिथे हा नियम नसेल तर मागून घे, आणि मिळाला नाही तर ग्रुप बदल.

खर्चापेक्षा कमी खाऊन पळत राहिलं की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, झोप, मन सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं. हे फक्त काटक मुलींना होतं असं नाही, ७२ किलोच्या बाईलाही होतं, आणि तिच्याकडे बघून कुणाला संशय येत नाही म्हणून ते जास्त दिवस चालतं. शिवाय उपाशीपोटी उन्हात पळणारी बाई लवकर कोसळते. निघताना एक केळं किंवा दोन खजूर खाऊन निघ. परत आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता: पोहे असतील तर बरोबर अंडं किंवा दही, नाहीतर भाकरी आणि उसळ. बाळ अजून अंगावर पीत असेल तर याहून जास्त लागेल. पाळी तीन महिने चुकली, एकाच जागी हाड टोचल्यासारखं दुखायला लागलं, तर पळणं थांबवून डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा) आत्ताच तपासून घे, दमण्याचं कारण कित्येकदा तिथे सापडतं.

आणि हे नीट वाच. खाल्ल्यावर ओकून टाकणं, जुलाबाची औषधं घेणं, लपून खाणं, किंवा दिवसातला बराचसा वेळ अंगाच्याच विचारात जाणं, यातलं काही होत असेल तर ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे आणि एकटीने झेलायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जाणं अवघड वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

स्पर्धेच्या फोटोंचं थोडक्यात. फोटोग्राफर पाय जमिनीवर आपटण्याचा क्षण पकडतो, त्या क्षणी प्रत्येकाचे गाल आणि पोट हलतात, जिंकणाऱ्याचेही. बघायचे नसतील तर महिनाभर बघू नकोस.

शेवटचं, आणि हे बरोबर पळणाऱ्या मैत्रिणीला वाचून दाखव. उन्हात पळणारी व्यक्ती असंबद्ध बोलायला लागली, चिडली, झोकांड्या द्यायला लागली, कोसळली तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नये, पळणाऱ्यांना घाम येत असतानाही तो होतो. सावलीत न्या, वरचे कपडे काढा, मिळेल तेवढं गार पाणी सगळ्या अंगावर ओतत राहा, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत, मानेवर, जांघेत. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. बाईचे कपडे कसे सैल करायचे म्हणून लोक घुटमळतात आणि तीच मिनिटं मोलाची असतात. तेव्हा मैत्रिणीला आत्ताच सांगून ठेव की वेळ आली तर माझं जॅकेट कापून काढ.

चक्कर येऊन गेली आहे, तर एकदा रक्तदाब आणि ईसीजी बघून घे. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीन-चार किलोमीटर, चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं. दुसऱ्या आठवड्यात पाच. मेअखेरीस आठपर्यंत पोचलीस की जुलैच्या गारव्यात बारा-चौदा जमतील, आणि डिसेंबरला अजून पुष्कळ वेळ आहे. पाथर्डी फाट्याहून पहाटे गोल्फ क्लबला यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रविवारी सव्वापाचला आमच्यातल्या सगळ्यात सावकाश पळणाऱ्या तिघी ट्रॅकच्या आतल्या बाजूने असतात, मी त्यांच्याबरोबरच पळते. ताकाची बाटली मी आणते, मीठ आणि जिरं घातलेलं.